फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा अडकणे (छोटे ट्रॅक्टर)

छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती जोडणारा अथवा तोडणारा दांडा जागचा न हलणे, या बिघाडास फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा अडकणे असे म्हणतात. वापरलेल्या, म्हणजे दुसऱ्या हाताने घेतलेल्या ट्रॅक्टरांत तो विशेषतः आढळतो. त्याचे मूळ कधी दांड्याच्या बाहेरील जोडणीत असते, कधी गिअरपेटीच्या आत, तर कधी कोणताही भाग बिघडलेला नसून केवळ चाकांमधील ताणामुळे दांडा सुटत नाही. म्हणून गिअरपेटी उघडण्यापूर्वी क्रमवार तपासणी करणे हिताचे ठरते.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांखालील काळ्या, चिकण जमिनीत ऊस घेतला जातो. संगमनेर, राहाता, श्रीगोंदा या भागांत डाळिंब, द्राक्षे व लिंबूवर्गीय फळबागा आहेत, तर अकोले तालुक्याच्या पश्चिम डोंगराळ पट्ट्यात भाताची खाचरे आहेत. बागेतील अरुंद ओळींतून फवारणी करणे, ओल्या वावरात रोटाव्हेटर चालवणे, खाचरात चिखलणी करणे यांसाठी चारही चाकांना शक्ती मिळणारा छोटा ट्रॅक्टर उपयोगी पडतो. मात्र हाच ट्रॅक्टर ट्रॉली जोडून डांबरी रस्त्यावरही नेला जातो आणि दांडा अडकण्याच्या अनेक प्रसंगांचे कारण या दुहेरी वापरात असते.

रचना व कार्य

चालकाच्या आसनाजवळील दांडा एका सळईने किंवा जोडपट्टीने गिअरपेटीबाहेरील लहान भुजेस जोडलेला असतो. भुजा फिरली की आतील फोर्क दातेरी कपलिंगला शाफ्टवर सरकवतो. कपलिंगचे दाते समोरच्या दात्यांत बसले की शक्ती पुढच्या अॅक्सलकडे जाते. कपलिंग आपल्या जागी राहावे म्हणून स्प्रिंग व गोळी यांची खिट्टी असते.

पुढची चाके आकाराने लहान असल्याने ती अधिक फेरे घेतात. फेऱ्यांचे हे प्रमाण गिअरांनी कायमचे ठरवलेले असते व पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित, साधारणपणे १ ते ५ टक्के, पुढे ओढतील असे ते राखले जाते. मऊ मातीत चाके थोडी घसरून हा फरक जिरवतात. डांबरी किंवा सिमेंटच्या पृष्ठभागावर घसरण्यास वाव नसतो; तेव्हा शाफ्टमध्ये पीळ साचतो आणि कपलिंगचे दाते एकमेकांवर घट्ट दाबले जातात. अशा वेळी दांडा कितीही ओढला तरी सुटत नाही.

कारणे

* कठीण रस्त्यावर चालवल्याने किंवा टायरांचे माप न जुळल्याने साचलेला पीळ.
* दांड्याच्या बिजागरीत गंज, वाळलेला चिखल अथवा ग्रीसचा अभाव. रबरी टोपण फाटले असल्यास पाणी व माती सहज आत शिरतात.
* वाकलेली सळई, झिजलेली किंवा गळून पडलेली पिन.
* गंजलेली खिट्टी, झिजलेला फोर्क, कपलिंगच्या दात्यांवर उठलेले कंगोरे.

तपासणीचा क्रम

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली काढावी, हॅन्डब्रेक लावावा व मागच्या चाकांस दोन्ही बाजूंनी ठोकळे द्यावेत.

१. दांडा 'जोडलेल्या' स्थितीत अडकला असल्यास प्रथम पीळ सोडवून पाहावा. ठोकळे काढून ट्रॅक्टर मऊ जमिनीवर न्यावा, काही मीटर सरळ मागे घ्यावा व क्लच दाबून दांडा हलवावा. दांडा सुटला, तर पीळ हेच कारण होते.

२. न सुटल्यास ठोकळे पुन्हा लावून पुढचे एक चाक जॅकने उचलावे व अॅक्सलखाली भक्कम आधार द्यावा. साचलेला पीळ सुटताना चाक अचानक फिरू शकते. म्हणून हात व कपडे दूर ठेवावेत. केवळ जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली जाऊ नये.

३. दांडा 'सुटलेल्या' स्थितीतून जोडला जात नसल्यास दाते समोरासमोर आलेले असू शकतात. ट्रॅक्टर अगदी थोडा पुढे सरकवून थांबवावा व पुन्हा प्रयत्न करावा.

४. याने काम न झाल्यास गिअरपेटीबाहेरील भुजेपासून सळई सोडवावी. दांडा एकटाही हलत नसेल, तर दोष बाहेर आहे. दांडा मोकळा फिरतो पण भुजा हलत नाही, तर दोष आत आहे. ही एक चाचणी अनेक निरर्थक दुरुस्त्या वाचवते.

दुरुस्ती

बाहेरील दोषासाठी बिजागरी धुऊन गंज सोडवणारे तेल घालावे, ते मुरू द्यावे, दांडा हळूहळू पुढेमागे करावा व शेवटी ग्रीस भरावे. झिजलेली पिन व फाटलेले टोपण बदलावे. दांड्यास पाइप लावून जोर देणे किंवा हातोडा मारणे टाळावे. त्याने फोर्क वाकतो आणि किरकोळ काम गिअरपेटी उघडण्यापर्यंत जाते.

आतील दोष असल्यास तेल तपासावे. दुधाळ तेल पाणी शिरल्याची, तर धातूचे कण झिजेची खूण असते. यापुढचे काम अनुभवी मिस्त्रीकडेच सोपवावे.

टायरांचे प्रमाण तपासणे

ड्राइव्ह सुटलेल्या स्थितीत मागच्या चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर सरळ चालवून पुढच्या चाकाचे फेरे मोजावेत. मग मऊ जमिनीवर ड्राइव्ह जोडून तेच करावे. पहिल्या खेपेस १६ व दुसऱ्या खेपेस १६.५ फेरे भरल्यास फरक सुमारे ३.१ टक्के, म्हणजे योग्य होय. फरक शून्याखाली गेला किंवा ५ टक्क्यांहून बराच वाढला, तर टायरांची जोडी चुकीची असण्याचा संभव असतो. केवळ मागचे किंवा केवळ पुढचे टायर वेगळ्या मापाचे बसवल्याने असे घडते.

जुना ट्रॅक्टर घेताना

सौदा ठरण्यापूर्वी शेतात दांडा किमान चार-पाच वेळा जोडून व सोडून पाहावा, टायरांवरील मापे कंपनीच्या पुस्तिकेशी ताडावीत आणि तेल पाहावे. दांडा 'जोडलेल्या' स्थितीत अडकलेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्याने लांबवर चालवत नेऊ नये. टायर झपाट्याने झिजतात, स्टिअरिंग जड होते व अॅक्सलचे गिअर तुटू शकतात. याउलट, ज्या ट्रॅक्टरांत ब्रेक केवळ मागच्या चाकांना असतो, त्यांत ड्राइव्ह जोडलेला असता पुढची चाकेही वेग रोखण्यास साहाय्य करतात. म्हणून घाटउतारावर भरलेली ट्रॉली नेताना दांडा कोणत्या स्थितीत असावा, हे पुस्तिकेतील सूचनेनुसार ठरवावे आणि तो हलत नसल्यास उताराचे काम हाती घेऊ नये.