शेपर्टनचा आवाज आणि पॅसिफिकची बेटं

३१ जानेवारी २०१७ रोजी 'रेडिओ ऑस्ट्रेलिया'चं शॉर्टवेव्ह प्रसारण बंद झालं. निर्णय जाहीर होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, म्हणजे एबीसीने, सांगितलेलं कारण साधं होतं: तंत्रज्ञान जुनं, श्रोते मोजके, आणि बंद केल्याने १९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर वाचतील. हा हिशेब करताना श्रोता कुठे राहतो आणि त्याच्यापाशी दुसरा कोणता मार्ग आहे, या प्रश्नाला पुरेसं वजन मिळालं नाही, असं माझं ठाम मत आहे. या स्टेशनचा इतिहासच त्याला पुरावा देतो.

सुरुवात युद्धातली. २० डिसेंबर १९३९ रोजी पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांच्या भाषणाने 'ऑस्ट्रेलिया कॉलिंग' या नावाने परदेशांसाठी प्रसारण सुरू झालं. शत्रूच्या प्रचाराला उत्तर देणं हा हेतू होता. पुढे व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपर्टन गावाजवळ, किनाऱ्यापासून आत, सपाट माळावर मोठं प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि १९४४ मध्ये तिथून आवाज निघू लागला. 'रेडिओ ऑस्ट्रेलिया' हे नाव त्यानंतरचं. 'वॉल्ट्झिंग माटिल्डा'ची धून आणि कूकाबुरा पक्ष्याचं खदखदून हसणं ही त्याची ओळख झाली. खरखरीतून सुई फिरवताना तो पक्षी हसला, की स्टेशन लागलं!

आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांनाही हे स्टेशन परकं नव्हतं. ऑस्ट्रेलियात कसोटी असली, की आपल्या पहाटे साडेपाचच्या सुमारास तिथला खेळ सुरू व्हायचा आणि ॲलन मॅकगिल्व्हरे यांच्यासारख्या समालोचकांचं इंग्रजी थंडीत कुडकुडत, ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकलं जायचं. पण आपल्यासाठी ती हौस होती. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर मात्र हा आवाज गरजेचा होता.

तिथला भूगोल पाहिला की गरज कळते. वानुआतू सुमारे ८० बेटांवर विखुरलेला देश. सॉलोमन बेटांची संख्या नऊशेच्या वर. पापुआ न्यू गिनीत आठशेहून जास्त भाषा. अशा ठिकाणी इंग्रजी आणि टोक पिसिन या भाषा वेगवेगळ्या समाजांना जोडतात. म्हणूनच 'पॅसिफिक बीट'सारखा इंग्रजी बातमीपत्राचा कार्यक्रम एकाच वेळी अनेक देशांचा होऊ शकला. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर आपटून हजारो किलोमीटर दूर उतरतात. मध्ये टॉवर लागत नाही, केबल लागत नाही, उपग्रह लागत नाही. श्रोत्याला हवा एक छोटा रेडिओ आणि दोन-चार सेल. आवाज मधूनच बुडतो, दिवसरात्रीप्रमाणे आणि सौरडागांच्या ११ वर्षांच्या चक्राप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलाव्या लागतात. पण वादळात गावचा टॉवर कोसळला तरी शेपर्टनचा आवाज थांबत नसे.

आणि सरकार कोसळलं तरी थांबत नसे. एप्रिल २००९ मध्ये फिजीत राज्यघटना रद्द झाली आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सेन्सॉर येऊन बसले. एबीसीचे पॅसिफिक वार्ताहर शॉन डॉर्नी यांना देशाबाहेर काढलं गेलं. रेडिओ ऑस्ट्रेलियाचे फिजीतले एफएम प्रक्षेपक बंद करायला लावले. शॉर्टवेव्ह मात्र सुरूच राहिलं, कारण त्याचं बटण फिजीच्या लष्करी राजवटीच्या हातात नव्हतं. एफएमचा आवाज स्वच्छ असतो हे खरं. पण तो स्थानिक सत्तेच्या मर्जीवर जगतो. शॉर्टवेव्हची खरी किंमत या फरकात आहे.

शॉर्टवेव्ह केंद्र बंद केलं की काय गमावतो, हा धडा ऑस्ट्रेलियाला आधीही मिळाला होता. १९९७ मध्ये खर्चकपातीत डार्विनजवळचं कॉक्स पेनिन्सुला केंद्र बंद करण्यात आलं. आशियाकडे तोंड असलेलं हेच त्यांचं मोठं केंद्र. पुढच्याच वर्षी इंडोनेशियात सुहार्तो यांची सत्ता गेली आणि १९९९ मध्ये पूर्व तिमोर पेटला. अगदी शेजारी उलथापालथ चालू असताना तिथवर आवाज पोचवणारं मुख्य साधन मोडीत काढलेलं होतं. २००० मध्ये ते केंद्र ब्रिटनमधल्या एका ख्रिस्ती प्रसारण संस्थेच्या हाती गेलं आणि पुढे तिथून हिंदीतलेही कार्यक्रम निघू लागले.

२०१५ च्या मार्चमध्ये 'पाम' चक्रीवादळाने वानुआतू झोडपून काढलं, दळणवळण तुटलं. शॉर्टवेव्ह बंद करण्याचं जाहीर झालं तेव्हा तिथले पंतप्रधान शार्लो साल्वाई यांनी याच वादळाची आठवण करून दिली आणि लोकांच्या जिवाचा प्रश्न मांडला. ऑस्ट्रेलियाचे सिनेटर निक झेनोफोन यांनी सेवा पुन्हा सुरू करण्यासाठी विधेयक आणलं. त्याचा कायदा झाला नाही. २०१८ मध्ये बातमी आली, की रेडिओ ऑस्ट्रेलियाने सोडलेल्या काही फ्रिक्वेन्सींवर आता चीनचं आंतरराष्ट्रीय रेडिओ केंद्र बोलत आहे. आकाशातली जागा रिकामी राहत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला, सागरी केबल तुटली आणि तो देश इंटरनेटविना राहिला. केबल जोडायला महिन्याहून अधिक काळ गेला. अशा वेळी शेजारच्या न्यूझीलंडचं शॉर्टवेव्ह प्रसारण कामाला आलं. त्या देशाने नंतर नवा प्रक्षेपकही घेतला. एकाच समुद्रावरच्या दोन देशांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली, आणि मला न्यूझीलंडचं उत्तर बरोबर वाटतं.

परदेशी श्रोत्यांसाठीच्या प्रसारणाला मत देणारा मतदार नसतो, जाहिरातदारही नसतो. त्यामुळे कात्री हातात आली की ती आधी तिथेच चालते. पण संकटात बोलायचं तर आधी वर्षानुवर्षं रोज बोलत राहावं लागतं. विश्वास ऐनवेळी विकत मिळत नाही. म्हणून अशी सेवा बंद करायची की नाही, हे ठरवताना श्रोत्यांच्या संख्येइतकाच दुसरा एक प्रश्न विचारायला हवा: हा आवाज गेला, तर सर्वांत दूरच्या बेटावरच्या माणसापाशी काय उरतं? त्याचं उत्तर 'काहीच नाही' असेल, तर १९ लाख डॉलर ही बचत म्हणता येणार नाही.