वालचंदशेठ : धाडस आणि वाद

परांडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे दूरवर ओळखले जाते. यात्रेच्या दिवसांत येथे धाराशिव, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तिन्ही जिल्ह्यांतून माणसे येतात. एरवी मात्र या गावाचा, किंबहुना सबंध परांडा-भूम पट्ट्याचा, व्यापारी ओढा पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेला राहिला आहे, तो म्हणजे बार्शीकडे. संस्थानी काळात परांडा निजामाच्या मुलखात होता आणि बार्शी इंग्रजांच्या. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत. तरीही ज्वारी, करडई, कापूस बैलगाड्यांतून बार्शीच्या पेठेतच उतरत असे, कारण तेथे रेल्वे होती. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी सुरू झाली आणि पुढे १९११ मध्ये ती लातूरपर्यंत गेली. कुंथलगिरीच्या वंदनेला निघालेले श्रावकही याच ‘बार्शी लाईट’ने येत.

या चिमुकल्या रेल्वेच्या कामावर ठेकेदारीचे पहिले धडे गिरवलेल्या एका सोलापूरकर तरुणाने पुढे भारताचे जहाज समुद्रात नेले, विमानाचा कारखाना उभारला आणि मोटार बनविली. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते, त्यांच्या नावाच्या महाविद्यालयांतून आपली मुले शिकतात. परंतु हयातीत हे गृहस्थ जेवढे वाखाणले गेले तेवढेच वादग्रस्तही ठरले होते, हे आता सहसा कोणी सांगत नाही. तसबिरीला हार घातला की माणसाशी वाद घालण्याची सोय उरत नाही.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, मूळच्या सौराष्ट्रातील वांकानेरहून आलेल्या दिगंबर जैन घराण्यात झाला. घरी कापसाची उलाढाल आणि सावकारी. शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेले, पण पदवी पुरी न करताच परतले. पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडण्यात त्यांचे मन रमेना. त्याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे, रेल्वेतील कारकुनी सोडलेले एक गृहस्थ त्यांना भेटले. फाटकांना काम येत होते, त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. वालचंदांच्या घराला पत होती, काम ठाऊक नव्हते. या भागीदारीतून ‘फाटक-वालचंद’ हे नाव ठेकेदारीच्या क्षेत्रात पुढे आले.

सावकारी घराण्यातील मुलाने मुरूम आणि खडीच्या धंद्यात उतरणे त्या काळी विचित्र वाटणारेच होते. सावकारीत रक्कम तारणावर जाते आणि तारण डोळ्यांसमोर असते. ठेकेदारीत रक्कम आधी मातीत जाते आणि बिल मंजूर होईपर्यंत हाती काहीच नसते. हा फरक ज्याला पचला तोच त्या धंद्यात टिकला. वालचंदांना तो पचला, इतकेच नव्हे तर आवडला. भोर घाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला तानसाचे पाणी आणणाऱ्या नळांचे काम अशी एकाहून एक अवघड कामे त्यांनी अंगावर घेतली. पुढे टाटांच्या बांधकाम कंपनीशी त्यांनी हातमिळवणी केली आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणारी कंपनी तीच.

इथवरची कथा यशस्वी ठेकेदाराची आहे. वादाला आरंभ होतो तो १९१९ पासून.

पहिले महायुद्ध संपले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी युद्धकाळात रुग्णालयाच्या कामासाठी घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले आहे, ही बातमी वालचंदांच्या कानी आली. जहाज जुने, १८९१ सालचे. पूर्वी ते कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ म्हणून प्रशांत महासागरात फिरत असे. वालचंदांना जहाजधंद्याचा अनुभव शून्य होता. तरीही नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेऊन त्यांनी जहाज घेतले आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पण हिशेबाच्या वहीत ‘लॉयल्टी’ने काय दाखविले? ते उतारूंचे जुने जहाज होते, चालविण्याचा खर्च मोठा, उत्पन्न बेताचे. चारच वर्षांत, १९२३ साली, ते मोडीत निघाले. त्याहून मोठे संकट लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीचे होते. प्रतिस्पर्धी किनाऱ्यावर दिसताच या कंपनीने भाड्याचे दर निम्म्याहूनही खाली आणले. ज्याच्या तिजोरीत अधिक पैसा तो अधिक काळ तोटा सोसू शकतो, हा बाजारातला जुना डाव. सिंधियाचे भागधारक घाबरले. अखेर १९२३ मध्ये नरोत्तम मोरारजींनी इंग्रज कंपनीशी दहा वर्षांचा करार केला. सिंधियाने किती टनांपर्यंत जहाजे बाळगावीत यालाही त्यात मर्यादा घातली होती आणि उतारूंची वाहतूक तर बंदच. वालचंदांना हा करार मनापासून रुचला नाही. परंतु करार झाला नसता तर कंपनी उरली असती काय, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनी टाळू नये. नरोत्तमशेठांनी कंपनी जगविली म्हणूनच १९२९ मध्ये त्यांच्या निधनानंतर वालचंदांना अध्यक्ष म्हणून ती वाढविता आली.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी जे केले त्यावरही टीका झाली. परक्या मक्तेदारीविरुद्ध लढणाऱ्या सिंधियाने १९३९ मध्ये कोकण किनाऱ्यावरची बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आपल्या पंखाखाली घेतली. स्वदेशीच्या नावाने किनाऱ्यावर आता देशी मक्तेदारी येणार काय, अशी शंका लहान जहाजमालकांना वाटली तर त्यांना दोष देता येत नाही. राष्ट्राचे हित आणि आपल्या कंपनीचे हित एकच, असे वालचंदांना प्रामाणिकपणे वाटत असे. प्रत्येक मोठ्या उद्योगपतीला असेच वाटते, आणि नेमकी तीच गोष्ट तपासून घ्यावी लागते.

राजकारणातही त्यांनी असाच एक वाद ओढवून घेतला. १९३६ साली पंडित नेहरूंच्या समाजवादी भाषणांविरुद्ध मुंबईच्या २१ व्यापाऱ्यांनी जे जाहीर पत्रक काढले, त्यावर वालचंदांचीही सही होती. घनश्यामदास बिर्ला यांना हे मुळीच पसंत पडले नाही. अशा पत्रकाने भांडवलदारांविषयीचा रोष उलट वाढतो, असे त्यांनी वालचंदांना पत्र लिहून स्पष्टपणे कळविले. बिर्लांची रीत आतून समजावण्याची होती, वालचंदांची उघड्या मैदानात उभे राहण्याची.

१९३९ मध्ये मोटारींच्या कारखान्याची योजना घेऊन वालचंद अमेरिकेत गेले. तेथून परतताना, प्रशांत महासागरावरील विमानप्रवासात, त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉली चीनसाठी विमाने जुळविण्याचा कारखाना चालवीत होते. चीनमध्ये जमते ते हिंदुस्थानात का जमू नये, हा विचार विमान उतरेपर्यंत पक्का झाला असावा. सरकारने प्रथम या योजनेकडे दुर्लक्ष केले. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि इंग्रजांची दृष्टी बदलली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरात जागा आणि भांडवल दोन्ही देऊ केले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. १९४१ मध्ये हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान तेथे तयार होऊन उडाले.

आपल्या वाचकांनी येथे थोडे थांबावे. विमान हे युद्धाचे साधन होते आणि ते बनविणारा जैन श्रावक होता. आपल्या शास्त्रांत हिंसेचे आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असे चार भेद सांगितले आहेत. गृहस्थाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य, बाकीच्यांत त्याने मर्यादा सांभाळावी. आक्रमणापासून रक्षण ही विरोधी हिंसा, म्हणून क्षम्य, असा युक्तिवाद वालचंदांच्या बाजूने करता येतो. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपले होते, हेही खरे. दुसऱ्या बाजूने, हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे ‘हिंसादान’, आणि तो अनर्थदंडात मोडतो. हा कारखाना पुढे कोणाच्या हाती जाणार, हे ठरविण्याचा अधिकार वालचंदांकडे राहिलाच नाही. मार्च १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार भागीदार झाले आणि एप्रिल १९४२ मध्ये त्याने वालचंद व इतर प्रवर्तकांचे भाग विकत घेतले. उभारणाऱ्याला सव्वा वर्षात रक्कम देऊन बाहेर काढण्यात आले. रक्कम मिळाली, हे खरे. ज्याला कारखानाच हवा होता त्याला रकमेचे काय समाधान? १९६४ मध्ये त्याच संस्थेची हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली.

जहाजबांधणीचा अनुभवही असाच कडू आहे. विशाखापट्टणम येथील कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसविली गेली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या बंदरावर बाँब टाकले. काम थांबले, यंत्रे हलवावी लागली. ‘जलउषा’ हे तेथील पहिले जहाज १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरले, आणि ते उतरविले पंडित नेहरूंनी, ज्यांच्याविरुद्धच्या पत्रकावर वालचंदांनी बारा वर्षांपूर्वी सही केली होती. तोही कारखाना १९५२ मध्ये सरकारच्या ताब्यात गेला.

मोटारीची कथा त्यामानाने सुखाची. फोर्डशी बोलणी फिसकटल्यावर क्रायस्लरशी करार झाला. मुंबईचे खेर मंत्रिमंडळ अनुकूल होते, पण १९३९ च्या अखेरीस ते पायउतार झाले आणि दिल्लीच्या सरकारने मोटार हा युद्धोपयोगी उद्योग मानण्याचे नाकारले. वालचंदांनी वाट पाहिली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. मुंबईच्या रस्त्यांवरील काळी-पिवळी पद्मिनी ही याच घराची कन्या. तिची शेवटची टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

आजची मुले अमेरिकेच्या एलॉन मस्क यांच्याविषयी तावातावाने बोलतात. मोटार आणि अग्निबाण एकाच माणसाने करावेत याचे त्यांना नवल वाटते, आणि त्यांच्या विधानांवरून घराघरात दोन तट पडतात. सोलापूरच्या माणसाने रूळ, जहाज, विमान आणि मोटार असा चौपदरी उद्योग केला तेव्हा त्याच्या पाठीशी शेअरबाजारातील अब्जावधी डॉलर नव्हते, आणि सरकार तर बहुतेक वेळा समोरच उभे होते. मात्र साम्य एका गोष्टीत निश्चित आहे. हातातला धंदा स्थिरस्थावर होण्याआधीच पुढच्या धंद्यात उडी घेण्याची सवय दोघांचीही. कोणत्याही बँकेच्या कर्जसमितीपुढे वालचंदांचे प्रस्ताव आले असते तर त्यांपैकी निम्मे तरी ‘प्रवर्तकास क्षेत्राचा अनुभव नाही’ असा शेरा मिळून परत गेले असते, आणि तो शेरा नियमाप्रमाणे बरोबरच ठरला असता.

या साऱ्या उड्यांखाली जमीन टिकवून धरली ती शेतीने आणि साखरेने, याकडे फारसे लक्ष जात नाही. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर उभे राहिलेले वालचंदनगर, ही दोन्ही ठिकाणे विमान-जहाजांइतकी झळकली नाहीत. ती कामे सांभाळण्यात गुलाबचंद, रतनचंद, लालचंद या बंधूंचा वाटा मोठा होता. व्यापारी कुटुंबातील कोणाही वडीलधाऱ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. घरातला एक जण स्वप्ने पाहतो, कारण उरलेले खतावणी लिहीत असतात. रावळगावच्या गोळ्यांचे नावही २०२४ मध्ये रिलायन्सकडे गेले, २७ कोटी रुपयांना.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी सिंधियाचे अध्यक्षपद सोडले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई त्यांच्या सेवेत होत्या. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

बार्शी लाईटही आता उरली नाही. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला आणि वळण घेऊन धाराशिव शहराजवळून जाऊ लागला. सोनारी-परांड्याच्या व्यापाऱ्याला मात्र आजही गाडीसाठी बार्शी किंवा कुर्डुवाडीच गाठावी लागते.