सागरतळावरील ज्वालामुखी आणि नौकानयनाची सुरक्षितता

जगातील व्यापारी मालाची सुमारे ८० टक्के वाहतूक सागरी मार्गाने होते. भारताच्या परराष्ट्र व्यापारात हे प्रमाण आकारमानाच्या दृष्टीने सुमारे ९५ टक्के आणि मूल्याच्या दृष्टीने सुमारे ७० टक्के आहे. सागरी वाहतुकीच्या सुरक्षिततेचा विचार करताना वादळे, धुके, खडक आणि चाचेगिरी या संकटांची चर्चा नेहमी होते. मात्र पृथ्वीवरील ज्वालामुखीय घडामोडींपैकी सुमारे तीन चतुर्थांश घडामोडी समुद्राच्या पाण्याखाली होतात, या वस्तुस्थितीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हे उद्रेक कोठे व कसे होतात, जहाजांना त्यांच्यापासून नेमका कोणता धोका संभवतो आणि तो कमी करण्यासाठी कोणती व्यवस्था अस्तित्वात आहे, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्रेक कोठे होतात?

सागरतळावरील ज्वालामुखींचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिला गट मध्यसागरी पर्वतरांगांचा. येथे दोन भूपट्ट परस्परांपासून दूर सरकतात आणि निर्माण होणाऱ्या भेगेतून शिलारस वर येतो. सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची ही रांग सर्व महासागरांतून गेलेली आहे. दुसरा गट भूपट्टांच्या टकरीच्या क्षेत्रांचा. येथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली खचतो. जपान, टोंगा, इंडोनेशिया, कॅरिबियन बेटे आणि अंदमान येथील ज्वालामुखी या गटात मोडतात. तिसरा गट भूपट्टांच्या अंतर्भागातील तप्तस्थळांचा असून हवाई बेटे हे त्याचे परिचित उदाहरण होय.

नौकानयनाच्या दृष्टीने यांतील दुसरा गट सर्वाधिक महत्त्वाचा आहे. या क्षेत्रातील शिलारस घट्ट असतो व त्यात पाण्याची वाफ आणि अन्य वायू मोठ्या प्रमाणात कोंडलेले असतात. त्यामुळे उद्रेक स्फोटक होतो. शिवाय हे ज्वालामुखी बहुधा किनारे, बेटे व गजबजलेले जलमार्ग यांच्या जवळ आहेत.

खोलीचे महत्त्व

पाण्याखालील उद्रेक किती धोकादायक ठरेल हे मुख्यतः त्याच्या खोलीवर अवलंबून असते. समुद्रात दर दहा मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. भूपृष्ठावरील दाबाला पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. हे आकस्मिक प्रसरण म्हणजेच स्फोट. खोल पाण्यातील दाब या प्रसरणाला आवर घालतो. सुमारे ३,००० मीटरपेक्षा अधिक खोलीवर तर समुद्राच्या पाण्याचे उकळून वाफेत स्फोटक रूपांतर होणेच शक्य नसते. तेथे लाव्हा शांतपणे बाहेर पडून उशांसारख्या गोलाकार खडकांच्या रूपाने थिजतो.

हिंदी महासागरातील मायोत बेटाचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. या बेटाच्या पूर्वेस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, सुमारे ३,५०० मीटर खोल तळावर, २०१८ मध्ये उद्रेक सुरू झाला. २०१९ मध्ये सर्वेक्षण झाले तेव्हा तेथे ८०० मीटरहून अधिक उंचीचा नवा पर्वत उभा असल्याचे आढळले. बेटावर भूकंपाचे धक्के जाणवत होते. परंतु समुद्रपृष्ठावरून जाणाऱ्या जहाजांना या प्रचंड घडामोडीचा उपद्रव झाला नाही. याउलट, काहीशे मीटरपेक्षा कमी खोलीवर झालेला लहानसा उद्रेकही पृष्ठभाग भेदून वर येऊ शकतो. आइसलँडच्या दक्षिणेस नोव्हेंबर १९६३ मध्ये सुमारे १३० मीटर खोलीवर सुरू झालेल्या उद्रेकातून सुर्त्से हे नवे बेट जन्माला आले. त्या उद्रेकाचा धूर प्रथम पाहिला तो एका मासेमारी नौकेवरील खलाशांनी.

'कायो मारू'ची दुर्घटना

उथळ उद्रेकाचा जहाजाला असलेला थेट धोका जगापुढे आला तो १९५२ मध्ये. टोकियोच्या दक्षिणेस सुमारे ४०० किलोमीटर अंतरावर, बेयोनेझ खडकांजवळ, १७ सप्टेंबर १९५२ रोजी 'म्योजिन मारू' या मासेमारी नौकेला समुद्रातून उद्रेक होताना दिसला. या नौकेवरूनच त्या ठिकाणाला 'म्योजिन-शो' हे नाव मिळाले. उद्रेकाची पाहणी करण्यासाठी जपानच्या सागरी सुरक्षा विभागाची 'कायो मारू क्रमांक ५' ही जलालेखन नौका रवाना झाली. २४ सप्टेंबर रोजी ती नष्ट झाली. नौकेवरील ९ शास्त्रज्ञ व २२ कर्मचारी अशा एकूण ३१ जणांपैकी कोणीही वाचले नाही. शोध घेणाऱ्यांच्या हाती आलेल्या अवशेषांत ज्वालामुखीय खडकाचे कण रुतलेले होते. पॅसिफिक महासागराच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील जलध्वनिग्राहकांनीही या काळातील स्फोटांचे आवाज नोंदविले होते.

या घटनेतील विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या जहाजाने इतर जहाजांसाठी धोक्याची माहिती आणावयाची, तेच जहाज त्या धोक्याला बळी पडले. पुढे १९८९ मध्ये जपानमधील इतो शहराजवळच्या समुद्रात 'ताकुयो' ही सर्वेक्षण नौका जवळच असताना उद्रेक झाला. ती नौका सुदैवाने बचावली. अशा अनुभवांतूनच जपानने सक्रिय ज्वालामुखीच्या माथ्यावरील मोजमापांसाठी मनुष्यविरहित, दूरनियंत्रित नौकांचा अवलंब केला.

जहाजांना संभवणारे धोके

१. प्रत्यक्ष स्फोट : उथळ उद्रेकात तप्त खडक, राख व वाफ यांचे स्तंभ समुद्रातून वर उसळतात. त्यांच्या टप्प्यात आलेले जहाज वाचणे कठीण असते.

२. उत्प्लावक बलातील घट : आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार जहाज जेवढ्या वजनाचे पाणी बाजूला सारते, तेवढ्या बलाने ते तरंगते. वायूच्या बुडबुड्यांमुळे पाण्याची घनता कमी झाली की हे बल घटते आणि जहाज अधिक खोल बसते. कॅरिबियन समुद्रात ग्रेनाडा बेटाच्या उत्तरेस सुमारे ८ किलोमीटरवर असलेल्या 'किक-एम-जेनी' या ज्वालामुखीच्या बाबतीत हा धोका विशेषत्वाने विचारात घेतला जातो. १९३९ मध्ये या ज्वालामुखीचा उद्रेकस्तंभ समुद्रपृष्ठापासून सुमारे २७५ मीटर उंच गेला होता. त्याचा माथा आजही पाण्याखाली सुमारे २०० मीटरच्या आतच आहे.

३. तरंगते दगड : प्युमिस या सच्छिद्र ज्वालामुखीय दगडात वायूच्या असंख्य पोकळ्या असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. मोठ्या उद्रेकानंतर अशा दगडांचे विस्तीर्ण थर समुद्रावर पसरतात. न्यूझीलंडच्या ईशान्येस हावरे ज्वालामुखीच्या जुलै २०१२ मधील उद्रेकानंतर सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा थर आढळला होता. हे दगड जहाजाचा रंग खरवडतात. पण त्याहून गंभीर बाब म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी घेणाऱ्या नळ्या व गाळण्या ते बंद करतात. इंजिन तापून बंद पडलेले जहाज किनाऱ्याजवळ असेल, तर त्याची स्थिती असहाय होते.

४. राख : हवेतील राख दृश्यमानता घटविते, यंत्रांच्या हवा घेणाऱ्या मार्गांत शिरते आणि ओली झाल्यावर तिचा भार जहाजाच्या वरच्या भागावर पडून समतोल बिघडू शकतो.

५. त्सुनामी : उद्रेकामुळे अथवा ज्वालामुखीचा कडा कोसळल्यामुळे त्सुनामी निर्माण होऊ शकते. खोल समुद्रात तिची उंची अल्प असते. बंदरात व उथळ पाण्यात ती विध्वंसक ठरते. १८८३ मधील क्राकाताउच्या उद्रेकात 'लाउडन' हे प्रवासी जहाज लाटेला सामोरे जाऊन तरले, तर किनाऱ्याजवळील 'बेरॉव' ही वाफेची नौका लाटेने जमिनीवर दूर आत नेऊन टाकली.

६. बदललेला सागरतळ : उद्रेकानंतर नवे उथळ भाग तयार होतात आणि जुने नकाशे निरुपयोगी ठरतात. सागरतळावरील अज्ञात पर्वत किती घातक असू शकतो हे जानेवारी २००५ मध्ये दिसून आले. अमेरिकेची 'सॅन फ्रान्सिस्को' ही अणुपाणबुडी ग्वामच्या आग्नेयेस, तिच्यावर वापरात असलेल्या नकाशात न दाखविलेल्या अशाच एका पर्वतावर आदळली व एक नौसैनिक मृत्युमुखी पडला.

आर्थिक परिणाम

खुल्या समुद्रातील एखाद्या जहाजाला उथळ उद्रेक नेमका गाठण्याची शक्यता अत्यल्प आहे. मोठ्या जहाजाला मार्ग बदलता येतो. त्याची किंमत काही तासांचा वेळ आणि काही टन इंधन एवढीच असते. मासेमारांच्या लहान नौका, एकाच बंदरावर विसंबणारी बेटे आणि सागरतळावरील दूरसंचार केबल यांना मात्र असा पर्याय उपलब्ध नसतो. हानीचा खरा भार त्यांच्यावर पडतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये जपानच्या फुकुतोकु-ओकानोबा या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यातून निघालेले प्युमिस दगड सुमारे १,३०० किलोमीटर वाहत जाऊन ऑक्टोबरमध्ये ओकिनावाच्या बंदरांत साचले. मासेमारी नौका अडकून पडल्या आणि बेटांमधील प्रवासी फेऱ्यांवरही परिणाम झाला. स्पेनच्या एल इएरो बेटाजवळ ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झालेला उद्रेक मार्च २०१२ पर्यंत चालला. या काळात ला रेस्तिंगा येथील मासेमारीला मोठा फटका बसला.

टोंगा या सुमारे एक लाख लोकवस्तीच्या देशाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १५ जानेवारी २०२२ रोजी हुंगा टोंगा–हुंगा हापाई ज्वालामुखीच्या उद्रेकाचा स्तंभ ५० किलोमीटरहून अधिक उंचीवर पोहोचला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार प्रत्यक्ष हानी सुमारे ९ कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १८.५ टक्के होती. सागरतळावरून वेगाने वाहत गेलेल्या राख-दगडांच्या लोंढ्यांनी केबल तोडल्या. देशाला बाह्य जगाशी जोडणारी एकमेव केबल पूर्ववत होण्यास सुमारे पाच आठवडे लागले आणि नेमक्या मदतीच्या काळात संपर्क खंडित राहिला. या उद्रेकाच्या लाटांनी हजारो किलोमीटर दूर असलेल्या पेरूच्या किनाऱ्यावर दोघांचा बळी घेतला.

इशारा व प्रतिबंधक व्यवस्था

जहाजांना इशारे देण्यासाठी जगातील समुद्र २१ नौकानयन क्षेत्रांत विभागले आहेत. त्यांपैकी आठव्या क्षेत्राचे समन्वयन भारताकडे असून ते डेहराडून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालयामार्फत चालते. समुद्रातील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, नौकानयनाला थेट धोका आढळल्यास त्याची वार्ता आसपासच्या जहाजांना व किनाऱ्यावरील यंत्रणांना देणे कप्तानावर बंधनकारक आहे. हवेतील राखेसंबंधी विमानांना सूचना देण्यासाठी जगात नऊ सल्ला केंद्रे आहेत. ज्ञात ज्वालामुखींभोवती निषिद्ध क्षेत्रेही आखली जातात. 'किक-एम-जेनी'भोवती १.५ किलोमीटरचे क्षेत्र जहाजांना वर्ज्य असून धोक्याची पातळी 'नारिंगी' झाल्यास ते ५ किलोमीटरपर्यंत वाढविले जाते.

या व्यवस्थेतील उणीव त्सुनामीच्या बाबतीत स्पष्ट होते. बहुतेक त्सुनामी इशारे भूकंपाच्या नोंदींवर आधारलेले असतात. २२ डिसेंबर २०१८ रोजी अनाक क्राकाताउ ज्वालामुखीचा कडा कोसळून निर्माण झालेल्या त्सुनामीत इंडोनेशियात चारशेहून अधिक लोक मरण पावले. मोठा भूकंप झालेला नसल्यामुळे वेळेवर इशारा मिळू शकला नव्हता.

भारताच्या संदर्भात

अंदमान समुद्रातील बॅरन बेट हा भारतातील एकमेव सक्रिय ज्वालामुखी होय. श्री विजयपुरम (२०२४ पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) शहराच्या ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर असलेले हे निर्जन बेट म्हणजे सागरतळापासून उठलेल्या एका मोठ्या ज्वालामुखीचा केवळ माथा आहे. सुमारे दीड शतकाच्या शांततेनंतर १९९१ मध्ये तेथे उद्रेक झाला आणि त्यानंतर अधूनमधून होत राहिला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ बेटाजवळ सागरतळाचे नमुने गोळा करीत असताना त्यांना राखेचे उत्सर्जन प्रत्यक्ष दिसले. त्यांनी नौका सुमारे एक मैल अंतरावर ठेवून निरीक्षणे केली. याच संस्थेच्या सर्वेक्षणांतून अंदमान समुद्राच्या तळावरील ज्वालामुखीय पर्वतांचीही माहिती हाती आली आहे.

मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा व्यापारी मार्ग याच समुद्राच्या दक्षिण भागातून जातो. जगाला नाविक पुरविणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताची गणना होते. त्यामुळे पॅसिफिकमधील धोकाही भारतीय खलाशांना परका नाही. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत असून हिंदी महासागरातील देशांना इशारे देणाऱ्या तीन केंद्रांपैकी ते एक आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल महासागर मोहिमेमुळे सागरतळाच्या संशोधनाला चालना मिळाली आहे.

माहिती : एक सार्वजनिक वस्तू

जगातील सागरतळापैकी आधुनिक पद्धतीने नकाशाबद्ध झालेला भाग अद्याप एक चतुर्थांशाहून थोडाच अधिक आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सागरतळाचा नकाशा ही सार्वजनिक वस्तू आहे. एका जहाजाने तिचा उपयोग केल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही आणि कोणालाही तिच्यापासून वंचित ठेवणे इष्ट नसते. म्हणूनच कोणतीही एक जहाज कंपनी तिचा खर्च स्वतःहून उचलणार नाही. हे काम शासनांनी आणि आंतरराष्ट्रीय सहकार्यानेच व्हावयास हवे. उथळ ज्वालामुखींचे नियमित सर्वेक्षण, भूकंपाव्यतिरिक्त समुद्राच्या पातळीवर व जलध्वनीवर आधारलेले इशारे, बेटांसाठी एकाहून अधिक केबल आणि मासेमारांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचणारी सूचना हे त्यातील प्राधान्यक्रमाचे विषय ठरतात.

समुद्राखालचा उद्रेक रोखणे मानवाच्या हाती नाही. त्याची वार्ता वेळेत पोहोचविणे मात्र निश्चितच त्याच्या हाती आहे. १९५२ मध्ये ती वार्ता आणण्यासाठी गेलेल्या ३१ जणांना प्राण गमवावे लागले. आज उपग्रह, जलध्वनिग्राहक व मनुष्यविरहित नौका यांच्या साहाय्याने तेच कार्य सुरक्षितपणे करता येते. या साधनांवरील खर्च हा त्यांच्यामुळे टळणाऱ्या हानीच्या तुलनेत नेहमीच अल्प राहील, हे धोरणकर्त्यांनी लक्षात घेणे आवश्यक आहे.