काळ्या पाण्यावर लोखंडाचा उतारा

मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. अशा डोंगरात पाऊस मुरला की तळातून उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखं काळपट, उग्र पाणी झिरपतं.

कचरा ताजा असताना त्यातली घाण जिवाणू फस्त करतात. पण डोंगर जुना झाला की सोपं अन्न संपतं. उरतात ह्युमिक आम्लांचे मोठाले, चिवट रेणू. जिवाणू त्यांना तोंड लावत नाहीत.

केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवलं, की हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत किंचित फेरस लोह असेल तर टार्टारिक आम्लाचं झपाट्यानं ऑक्सिडेशन होतं. कचऱ्याशी त्यांचा काही संबंध नव्हता! लोह पेरॉक्साइड फोडतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्मतो, हे पुढे कळलं. हा गडी क्षणभरही टिकत नाही. पण तेवढ्यात समोर येईल त्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतो.

कचऱ्याच्या काळ्या पाण्यावर हीच क्रिया वापरताना प्रत्यक्षात टाकीत आधी आम्ल घालून पाण्याचा पीएच ३ च्या आसपास आणतात. त्यानं कार्बोनेट फुटून भरपूर फेस येतो. मग लोह, पेरॉक्साइड आणि शेवटी चुना. पाण्याचा रंग उतरतो, तळाशी तांबूस गाळ बसतो. त्याचीही विल्हेवाट लावावी लागते, हे मात्र जाहिरातीत नसतं. अमोनियाही बराचसा तसाच राहतो.

शिवाय पेरॉक्साइड महाग. म्हणून सगळं जाळत बसण्याऐवजी मोठे रेणू अर्धवट तोडायचे आणि उरलेलं काम पुन्हा जिवाणूंवर सोपवायचं, हाच परवडणारा मार्ग.