वॉकथ्रूमधला डोंगर कुठे गेला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. मधलं "म्हणजे कसं ना" कापलंय, बाकी बोललो तसंच.

सुरुवात एका मित्रापासून. सप्टेंबर २०२०. नोकरी हिंजवडीत, पगार कापलेला पण नोकरी टिकलेली. वाकडला भाड्याच्या वन बीएचकेत तो, बायको आणि दोन लॅपटॉप. एका रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली. पुनावळ्याच्या बाजूचा टू बीएचके, किंमत ६० लाख. बोट फिरवलं की हॉल फिरतो, टेबलावर फळं, खिडकीतून हिरवागार डोंगर. गावाकडून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "घेऊन टाक रे, किती उजेड आहे!" त्या दिवशी प्रत्यक्ष जागेवर काय होतं? पत्र्याचं कुंपण आणि एक खड्डा.

आता त्या वर्षी अशा लिंका एवढ्या का फिरत होत्या? २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला, साइट ऑफिसं बंद, मजूर गावाला. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था आधीच्या वर्षापेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी आकसली. गिऱ्हाईक येणार कुठून? पण बिल्डरला थांबून चालत नाही. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाचा बराचसा खर्च बुकिंग केलेल्यांच्याच हप्त्यांतून भागतो. रेरा कायद्याप्रमाणे त्यातले ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवून जमीन आणि बांधकामावरच खर्च करावे लागतात. बुकिंग थांबलं की स्लॅब थांबला. सॅम्पल फ्लॅट बांधायला जागा, फर्निचर आणि माणसं लागतात. वॉकथ्रू म्हणजे एक फाइल, धुळ्याला पाठवा नाहीतर दुबईला.

आणि खरेदीदारालाही मोह होताच. रिझर्व्ह बँकेने मे महिन्यात रेपो दर ४ टक्क्यांवर आणला होता. राज्य सरकारने १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं, म्हणजे ६० लाखांच्या घरावर १ लाख ८० हजार वाचले. ही सवलत खरी होती, त्यात फसवणूक काहीच नाही. फक्त तिच्यामुळे "३१ डिसेंबरच्या आत ठरवा सर" हे वाक्य जन्माला आलं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. व्हर्च्युअल टूर दोन जातींची असते. एक, तयार फ्लॅटमध्ये ३६० अंशांचा कॅमेरा ठेवून घेतलेली. त्यात भिंतीची ओल लपवता येते, पण भिंत खरी असते. दुसरी, पूर्ण कॉम्प्युटरवर बनवलेली. तिच्यात काहीच खरं असायची सक्ती नाही. मित्राकडे आलेली दुसऱ्या जातीची होती.

या चित्रात कॅमेरासुद्धा कॉम्प्युटरमधलाच असतो. तो भिंतीच्या पलीकडे ठेवता येतो, कारण मधली भिंत एका क्लिकवर गायब होते. बारा फुटांच्या खोलीत उभं राहून तुम्हाला कधीच दिसणार नाही एवढं सगळं एका फ्रेममध्ये दिसतं. वर वाइड लेन्स, म्हणजे खोली आणखी लांब. पलंग चार इंच आखूड केला तर कोण मोजतंय? आणि ऊन! डिसेंबरात उत्तरेच्या खिडकीतून पुण्यात ऊन येणं शक्यच नाही, पण सॉफ्टवेअरमध्ये सूर्य हवा तिथे टांगता येतो. झाडं तर पहिल्या दिवसापासून दोन मजली. बाहेर हाय टेन्शनची तार नाही, शेजारचा प्लॉट नाही, ओढा असेलच तर त्याचं 'वॉटरफ्रंट' झालेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने काय केलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा शब्द गोड वाटणार नाही.

मित्राच्या बायकोने एक भारी काम केलं. प्लॅनमधली लहान बेडरूम होती १० बाय ११ फूट. तिने घरातल्या फरशीवर मास्किंग टेपने तेवढा चौकोन आखला. सहा बाय साडेसहाचा पलंग, समोरच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट. मध्ये उरले अडीच फूट. कपाटाचं दार उघडलं की माणसाने पलंगावर चढायचं. व्हिडिओत याच खोलीत पलंग, कपाट, अभ्यासाचं टेबल आणि वर एक गुबगुबीत खुर्चीसुद्धा होती.

मग त्यांनी महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्प शोधला. (आता सोपं झालंय. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे, मोबाइल धरला की प्रकल्पाचं पान उघडतं.) तिथे मंजूर नकाशा, काम पूर्ण करायची तारीख, जमिनीवरचा बोजा, कोर्टातले वाद सगळं असतं. नकाशावर उत्तरेचा बाण बघा आणि तुमच्या खिडकीसमोर काय आहे ते बघा. यांच्या खिडकीसमोर होती त्याच प्रकल्पाची दुसरी इमारत, पुढच्या टप्प्यातली. डोंगर तिच्या मागे.

सेल्सवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "सर, खाली लिहिलंय ना, कलाकाराची कल्पना." लिहिलं होतंच, मुंगीएवढ्या अक्षरात. पण रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर भरलेले पैसे व्याजासकट मागता येतात. खालची बारीक ओळ पुरेशी की नाही, हा वाद नंतरचा. त्यासाठी पुरावा तुमच्याकडे हवा, म्हणून आलेली लिंक लगेच स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा. लिंक बंद पडते हो. आणि नोंदणीकृत करार व्हायच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त कुणी मागितलं तर ते कलम १३ च्या विरोधात आहे.

४५ लाखांचं लोन, ७ टक्के, २० वर्षं. हप्ता जवळपास ३४,९०० रुपये. ताबा लांबला तर वर भाडं चालूच. हा हिशोब त्यांनी टेपच्या चौकोनात बसूनच केला. टोकनचे पैसे परत मिळवायला दीड महिना फोन करावे लागले, पण मिळाले.

पुढे त्यांनी वाकडलाच तयार फ्लॅट घेतला, पूर्णत्वाचा दाखला मिळालेला, त्यामुळे ५ टक्के जीएसटीही लागला नाही. दुसरा मजला, डोंगर नाही, समोर गॅरेज. आईसाठी त्याने मोबाइलवर चालत चालत व्हिडिओ काढला. त्यात कचऱ्याची बादली आलीये आणि मध्येच गॅरेजवाल्याचा हॉर्न. आई म्हणाली, "हं, आता कळलं घर कसं आहे ते."