ब्रिटिश फॉर्म्युला थ्री: विजेत्यांच्या यादीपलीकडे

ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचा विषय निघाला की विजेत्यांची यादी पुढे येते: १९७८चा नेल्सन पिके, १९८३चा आयर्टन सेना, १९९०चा मिका हाकिनेन. तिघेही पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले. पण या स्पर्धेची खरी ताकद मला तिच्यातल्या तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांमध्ये दिसते. १९८३चंच बघा. सेना आणि मार्टिन ब्रंडल दोघांकडे राल्ट गाडी, टोयोटा इंजिन. सेनाने पहिल्या सलग नऊ शर्यती जिंकल्या, तरी ब्रंडलने पाठलाग असा केला की विजेतेपदाचा निकाल थ्रक्स्टनला मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत लागला. दबावाखाली सेना कसा चालवतो, हे त्या नऊ विजयांपेक्षा या पाठलागात जास्त कळलं.

यावर कुणी यान मॅग्नुसेनचं उदाहरण देईल: १९९४ मध्ये १८ पैकी १४ शर्यती जिंकल्या, फॉर्म्युला वनमध्ये मात्र एकच गुण मिळवला. मग ही परीक्षा फसवीच ना? मला नाही वाटत. एकतर्फी मोसमात वेग दिसतो, झुंजण्याची तयारी दिसत नाही. म्हणूनच २०१२ पासून युरोपियन फॉर्म्युला थ्रीकडे चांगले संघ आणि चालक वळले, तेव्हा ब्रिटिश स्पर्धेचा कणाच गेला. २०१३ मध्ये तिच्या जेमतेम चार फेऱ्या उरल्या आणि २०१४च्या मोसमानंतर ती बंद पडली.