म्हातारपण मोजायला किती वेळ लागतो?

लोणीच्या (जि. अहिल्यानगर) वैद्यकीय महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने प्रवरेकाठच्या गावात साठीच्या व ऐंशीच्या स्त्रियांची उंची मोजली, असे समजा. ऐंशीच्या स्त्रिया सरासरीने ठेंगण्या निघाल्या. मग वयाने उंची घटते, हे सिद्ध झाले का? नाही. मणक्यांमधील चकत्या झिजतात, ठिसूळ मणके खचतात, पाठीला बाक येतो, हे खरेच. पण त्या पिढीला लहानपणी पोटभर मिळाले नसेल, तर ती मुळातच ठेंगणी असणार. (१९७२च्या दुष्काळात जन्मलेली बाळेही आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत, या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही.) वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम वेगळे करायचे तर त्याच स्त्रिया काही वर्षांनी पुन्हा मोजायला हव्यात.

इथे पैशाचा प्रश्न येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी १९७९ मध्ये सुरू केलेली अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती दोन महिन्यांची असते. संशोधनाची गोडी लागायला ती छानच. पण दोन महिन्यांत कोणी म्हातारे होत नाही! केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या योजनेत नवोदित संशोधकाला पाच वर्षे पाठबळ मिळते, आणि त्यात संशोधनखर्चाबरोबर त्याचे वेतनही असते. माझ्या मते वेतन अधिक मोलाचे. उपकरण कपाटात थांबते. माणूस नोकरीसाठी निघून गेला, की दुसरे मोजमाप राहूनच जाते.

ते मोजमाप मात्र पहिल्याच वेळेला, शक्यतो सकाळी घ्यावे. संध्याकाळपर्यंत तरुणांचीही उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी होते. वर्गात करून पाहा.